तिसरा आयपीस कोणता घ्यावा?

नवशिक्याच्या दुर्बिणीबरोबर बहुधा दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगांची छोटी नळकांडी, येतात, एक २५ किंवा २० मिलिमीटरचा आणि दुसरा १० मिलिमीटरचा. चंद्र, गुरू आणि शनी पाहून झाले की तिसरा घ्यावासा वाटू लागतो, आणि मग लक्ष जाते ते ४ मिलिमीटरच्या आयपीसकडे किंवा तिप्पट मोठे करून दाखवणाऱ्या बार्लो भिंगाकडे. हाताशी मोजकेच पैसे असतील तर नेमकी हीच खरेदी वाया जाण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. तो का, हे पैसे मोजण्यापूर्वी तीन साध्या भागाकारांनी कळू शकते.

पहिला भागाकार विशालनाचा. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (आरशापासून किंवा भिंगापासून किरण एकवटतात तिथपर्यंतच्या अंतराला) आयपीसच्या नाभीय अंतराने, म्हणजे त्यावर लिहिलेल्या मिलिमीटरांनी, भागले की प्रतिमा किती पट मोठी दिसेल ते कळते. आरशाचा व्यास ११४ मिलिमीटर आणि नाभीय अंतर ९०० मिलिमीटर असलेली परावर्तक दुर्बीण उदाहरणादाखल घेऊ. तिला २५ चा आयपीस लावला तर विशालन ३६ पट, १० चा लावला तर ९० पट आणि ४ चा लावला तर २२५ पट मिळते. व्यासाचे जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपलीकडे विशालन नेऊ नये असा एक सर्वमान्य ठोकताळा आहे. त्या हिशेबाने ही मर्यादा २२८ येते आणि ४ चा आयपीस कागदावर कसाबसा बसतो.

प्रत्यक्षात मात्र त्यातून शनी पाहणे कसे असते ते पाहू. विशालन दुप्पट केले की प्रतिमेचे तेज एक चतुर्थांश होते, त्यामुळे ग्रहाचे बिंब मोठे पण फिकट आणि कडांना विरलेले दिसते. वातावरणातील थरांची हालचालही तितकीच मोठी होते आणि बिंब पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखे हलत राहते. मोठ्या दुर्बिणींनाही बहुतेक रात्री दीडशे-दोनशे पटींच्या पुढे फारसे काही हाती लागत नाही ते यामुळेच. स्वस्त आयपीसमध्ये दिसणारे आकाशाचे वर्तुळ ४० अंशांचे असेल तर २२५ पटींना प्रत्यक्षात जेमतेम ११ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) तुकडा दिसतो, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा ग्रह मिनिटाला १५ कला सरकतो. म्हणजे शनी या कडेने आत शिरून त्या कडेने बाहेर पडायला पाऊण मिनिटही पुरे होते. त्यातच फोकसच्या चाकाला बोट लावले की हलक्या तिवईवरची सगळी नळी थरथरते आणि ती थांबेपर्यंतचे क्षणही त्यातूनच वजा होतात. शनीची कडी ३६ पटींतही ओळखू येते आणि ९० पटींत बिंबापासून सुटी दिसते, ती स्थिर आणि धारदार.

दुसरा भागाकार त्या मानाने दुर्लक्षित आहे. आरशाच्या व्यासाला विशालनाने भागले की आयपीसमधून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. आपल्या उदाहरणात २५ च्या आयपीसमधून ती सुमारे ३.२ मिलिमीटर असते, तर ४ च्या आयपीसमधून अवघी अर्धा मिलिमीटर. इतक्या बारीक झोतात आपल्याच डोळ्यातील तरंगते कण आणि तंतू चंद्राच्या पृष्ठभागावर फिरताना दिसू लागतात. उलट टोकाला, अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते आणि वयानुसार ती कमी होत जाते. झोत त्याहून जाड झाला की कडेचा प्रकाश डोळ्यात शिरतच नाही. तेजोमेघ आणि दीर्घिका यांसाठी साधारण २ ते ५ मिलिमीटरचा झोत सोयीचा असतो, ग्रहांसाठी पाऊण ते एक मिलिमीटरचा.

तिसरा भागाकार आकाशाचा किती तुकडा दिसेल हे सांगतो. आयपीसवर दिलेल्या दृष्टिक्षेत्राला विशालनाने भागायचे. प्लॉसल या स्वस्त आणि चांगल्या आयपीसच्या प्रकारात (त्याबद्दल पुढे) हे दृष्टिक्षेत्र ५० ते ५२ अंश असते. २५ च्या प्लॉसलमधून या दुर्बिणीला आकाशाचा सुमारे १.४ अंश दिसतो, म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या जवळपास तीन पूर्णचंद्रांएवढा. ३२ चा प्लॉसल घेतला तर विशालन २८ पट होते आणि क्षेत्र १.८ अंशांपर्यंत जाते. कृत्तिकांचे ठळक तारे मग भोवतालच्या काळ्या आकाशासह एकदम दिसतात; ते सगळे कसेबसे कोंबले की तो तारकापुंज पुंज वाटतच नाही. मग ४० चाच का घेऊ नये? आयपीसच्या खालच्या तोंडातून आत पाहिले तर बहुतेकांत एक काळी कडी दिसते, आणि दृष्टिक्षेत्राची सीमा तीच आखते. सव्वा इंची नळीत ही कडी साधारण २७ मिलिमीटरहून मोठी बसत नाही आणि ३२ च्या प्लॉसलमध्ये ती मर्यादा गाठलेली असते. म्हणून ४० चा आयपीस आकाशाचा जवळपास तेवढाच तुकडा, फक्त लहान करून, अरुंद भुयारातून पाहिल्यासारखा दाखवतो.

तेव्हा माझ्या मते तिसरा आयपीस ३२ चा प्लॉसल असावा आणि त्यानंतर दुप्पट करणारे, दोन काचांचे, रंगदोष आवरणारे बार्लो भिंग. आधीचा १० चा आयपीस धरून या दुर्बिणीवर २८, ५६, ९० आणि १८० असे चार टप्पे मिळतात आणि त्यांतला कोणताही दुसऱ्याची पुनरावृत्ती करत नाही. २० आणि १० अशी जोडी असेल तर दुप्पट करणारे बार्लो निम्मे वाया जाते, कारण २० चा अर्धा पुन्हा १० च येतो. सोबत आलेल्या १० च्या आयपीसमध्ये तारे कधीच टिंबासारखे दिसत नसतील, तर आधी तोच बदलावा. खोक्यातले तिप्पट करणारे प्लॅस्टिकचे बार्लो मात्र खोक्यातच राहू द्यावे.

प्लॉसल ही रचना १८६० मधली, व्हिएन्नाच्या गेओर्ग सिमोन प्लॉसल यांची. दोन जोडभिंगे समोरासमोर बसवल्यामुळे ती स्वस्तात तयार होते आणि मध्यभागी उत्तम चालते. स्वस्त आयपीसवर ‘एच’ किंवा ‘एसआर’ अशी अक्षरे असतील तर ते हायगेन्स किंवा रॅम्सडेन यांच्या दोन साध्या काचांच्या जुन्या रचनेचे असतात. एफ/१२ किंवा एफ/१५ अशा, म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या १२ किंवा १५ पट असलेल्या, लांब दुर्बिणींत ते खपून जातात, आखूड दुर्बिणींत नाही. प्लॉसलची खरी अडचण लहान आकारांत येते. ६ मिलिमीटरच्या प्लॉसलला डोळा ४-५ मिलिमीटरवर आणावा लागतो, पापण्या काचेला घासतात आणि त्यांचा तेलकटपणा काचेवर धुक्यासारखा पसरतो. इतक्या लहान नाभीय अंतरासाठी डोळा थोडा दूर ठेवू देणारी रुंद क्षेत्राची रचना घेणे किंवा मोठ्या आयपीसला बार्लो लावणे बरे. चष्मा केवळ जवळच्या किंवा लांबच्या नंबराचा असेल तर तो काढून फोकस फिरवला की भागते. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर कमी विशालनाला तो लावावाच लागतो आणि त्यासाठी १५ ते २० मिलिमीटरची मोकळीक हवी. झूम आयपीस सोयीचे असतात, पण नेमक्या कमी विशालनाला, जिथे क्षेत्र रुंद हवे, तिथे त्यांचे क्षेत्र अरुंद होते.

खरेदीपूर्वी फोकसरच्या, म्हणजे आयपीस ज्यात बसतो त्या, नळीचा व्यास मात्र मोजून घ्यावा. प्रचलित माप ३१.७ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच. खेळण्याच्या अंगाने बनवलेल्या काही दुर्बिणींत ते २४.५ मिलिमीटर असते आणि त्या मापाचे चांगले आयपीस आता सहसा मिळत नाहीत.

आयपीसशिवाय जे घ्यावे त्यात पहिला क्रमांक चांगल्या शोधकाचा, म्हणजे दुर्बीण वस्तूवर रोखायला मदत करणाऱ्या छोट्या साधनाचा. काचेवर लाल ठिपका दाखवणारा साधा शोधक मिळाला तरी नवशिक्याचा निम्मा त्रास संपतो, कारण दिसणाऱ्या वस्तूपेक्षा न सापडणाऱ्या वस्तूच जास्त असतात. परावर्तक दुर्बीण असेल तर आरशांची जुळणी तपासायला नेमक्या मध्यावर छिद्र असलेले झाकण पुरते. एखादा तेजस्वी तारा दृष्टिक्षेत्राच्या मध्यावर आणून फोकसबाहेर नेला की त्याची गोल चकती होते आणि तिच्यात दुय्यम आरशाची काळी सावली दिसते; ती सावली एका बाजूला सरकलेली असेल तर महागडा आयपीसही काही करू शकणार नाही. जुळणीसाठी मिळणारे स्वस्त लेझर साधन अनेकदा स्वतःच वाकडे बसवलेले निघते, तेव्हा घाई करू नये.

चंद्राचा फिल्टर घेण्याआधी दुर्बिणीच्या मोठ्या झाकणातले छोटे झाकण काढून पाहावे. अनेक दुर्बिणींत ती सोय असते आणि प्रकाश तेवढ्यानेच पुरेसा कमी होतो. रंगीत फिल्टरांचा संच लहान दुर्बिणीला जवळपास निरुपयोगी. तेजोमेघांचा फिल्टर खरोखर काम करतो, कारण तो आयनीभूत ऑक्सिजनच्या ४९६ आणि ५०१ नॅनोमीटरच्या रेषा येऊ देतो आणि बाकीचा प्रकाश अडवतो. दीर्घिकांचा प्रकाश ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांचा असल्याने त्यांच्यासाठी त्याचा उपयोग नाही.

सूर्याबाबत काटकसरीचा विचारच करू नये. आयपीसला लावायचा छोटा काळा सौर फिल्टर जुन्या संचांत आढळतो. तो एकवटलेल्या उष्णतेत असतो, तडकतो आणि त्या क्षणी डोळा जातो. असा फिल्टर सापडला तर फोडून टाकावा. सूर्यासाठी प्रकाश सुमारे एक लाखांश करणारा, खास त्याच कामासाठी बनवलेला फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर, संपूर्ण व्यास झाकून, वाऱ्याने उडणार नाही असा घट्ट बसवावा लागतो, आणि शोधक झाकावा किंवा काढून ठेवावा.

बाकी गोष्टी घरच्या घरी होतात. विजेरीवर लाल कागद लावला की अंधाराला सरावायला लागलेली वीस-तीस मिनिटे वाया जात नाहीत. दवाने काच धुरकट होत असेल तर फोमच्या शीटची, व्यासाच्या दीडपट लांबीची नळी करून तोंडाशी बसवावी. उंची कमी-जास्त होणारी खुर्ची असेल तर ग्रहांवरचे बारीक तपशील टिकून पाहता येतात. अवघडलेल्या मानेने ते दिसत नाहीत.

वापरलेले आयपीस घ्यायला हरकत नाही, कारण त्यांत झिजण्यासारखे फारसे काही नसते. उजेडासमोर धरून आत जाळीसारखी बुरशी किंवा जोडभिंगाच्या कडेला सुटलेला थर दिसत नाही ना, एवढे पाहावे. धुळीचे चार कण प्रतिमेत सहसा दिसत नाहीत आणि ते पुसण्याच्या नादात लेपनावर ओरखडे पडतात. रबरी फुग्याच्या हवेने ते उडवणे पुरेसे असते.