शेंबी गोगलगाय : लेव्हिकॉलिस आल्टे

उदरपाद (पोटाच्या पायाने सरकणाऱ्या गोगलगायींच्या) वर्गाच्या व्हेरोनिसेलिडी कुलातील, शंख नसलेली जमिनीवरची गोगलगाय. फ्रेंच प्रकृतिवैज्ञानिक फेर्युसाक यांनी १८२२ मध्ये तिचे वर्णन केले. ही जात मूळची आफ्रिकेतली मानतात. आज ती भारतासह आशियाच्या उष्ण प्रदेशांत आणि ऑस्ट्रेलियातही आढळते. आपल्याकडे शेतकरी शंखवाली ती ‘शंखी’ आणि बिनशंखाची ती ‘शेंबी’ असा सरळ फरक करतात.

लांबी साधारण ७ ते ८ सेंमी. रंग काळपट तपकिरी ते काळा, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत पाठीच्या मधोमध भांग पाडावा तशी एक फिकट रेघ. ही रेघ दिसली की ओळख बहुतेक पटते. कातडी बारीक दाणेदार व चिवट असते. दिवसा कुंडीखाली अंग आखडून बसलेली शेंबी एखाद्या आमसुलासारखी दिसते. प्राणी आहे हे चटकन ध्यानातही येत नाही.

खरी गंमत मात्र खालच्या बाजूला आहे. काडीने उलटी केली की पोटाच्या मधोमध एक अरुंद पट्टी दिसते. हाच तिचा पाय! पूर्ण वाढलेल्या शेंबीत तो जेमतेम ४ ते ५ मिमी रुंद असतो, पिल्लात १ मिमी. इतर बहुतेक शेंब्यांचा पाय जवळजवळ सगळा तळ व्यापतो. हिच्यात पाठीचेच आवरण दोन्ही बाजूंनी खाली वळून पायाला कडेने झाकते. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण वरून गरीब दिसणाऱ्या लबाड माणसासाठी असली, तरी या जातीला ती शब्दशः लागू पडते. गोलसर अंग आणि अरुंद पाय यांमुळे शरीरातले पाणी कमी उडते, म्हणून कोरड्या जागीही ती तग धरते.

शृंगिका, म्हणजे डोक्यावरची शिंगासारखी स्पर्शके, दोन जोड्या, पण अवघ्या २ ते ३ मिमीच्या. वरच्या जोडीच्या टोकांवर डोळे असतात, खालच्या जोडीची टोके दुभंगलेली. आवरणाच्या कडेबाहेर त्या क्वचितच येतात. त्यामुळे स्वस्थ बसलेल्या शेंबीचे तोंड कुठले नि शेपूट कुठले, हे ठरवणे अवघड जाते. इतर शेंब्यांच्या उजव्या कुशीवर दिसणारे श्वसनछिद्र इथे दिसत नाही; गुदद्वारही मागच्या टोकाला असते. प्रत्येक प्राणी नर आणि मादी दोन्ही असतो. नर-जननछिद्र डोक्याजवळ, तर मादी-जननछिद्र तळाच्या उजव्या बाजूला, साधारण शरीराच्या मध्यावर असते.

उंदरांच्या फुप्फुसातील एका सूत्रकृमीची ही मध्यस्थ पोशिंदी आहे, म्हणजे त्या कृमीच्या पिल्लांची काही वाढ हिच्या अंगात होते. तो कृमी माणसाच्या शरीरात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. म्हणून शेंबी उघड्या हाताने उचलू नये.