शर्ट नेमका कुठला? कोटा, ओरिजिन आणि आपला कापूस

परभणी-नांदेडकडं कापसाच्या भावाचं बोलणं निघालं की ११ टक्के आयात शुल्कावर गाडी येतेच, पण त्याच्या मागं लई जुनं प्रकरण आहे.

सुरुवात कोट्यापासून झाली. स्वस्त कपडा येऊन आमच्या गिरण्या बसतायत अशी अमेरिका आणि युरोपची ओरड होती, म्हणून १९६१ ला सुती मालावर तात्पुरता करार झाला, १९६२ ला तोच लांबला आणि १९७४ ला मल्टी फायबर अरेंजमेंट आली, म्हणजे कोणत्या देशानं कोणता माल किती पाठवायचा ते ठरवून द्यायचं. आता कोटा देशाच्या नावावर म्हटल्यावर ज्याचा संपला तो दुसऱ्याच्या नावानं माल घालणारच ना! कापड हाँगकाँगला कापायचं, शिवायचं चीनमधे आणि कोटा वापरायचा हाँगकाँगचा. अमेरिकेनं १९९६ ला नियम बदलला, जिथं कापलं तो नाही तर जिथं शिवलं तो देश धरायचा, की सगळी गणितं फिरली.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. महाराष्ट्रात १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी होती, म्हणजे सगळा कापूस सरकारनंच घ्यायचा, कापूस राज्याबाहेर विकायचा नाही असा कायदा, आणि चुकारे मिळायला उशीर. पलीकडं रोख आणि भाव बरा असला की किनवट, धर्माबादकडचा कापूस रातोरात आदिलाबाद, भैंसाकडं जायचा. तिथं पोचला की तो तिथलाच, बोंडावर थोडंच गाव लिहिलेलं असतं.

कोटे १ जानेवारी २००५ ला संपले, ओरिजिनचा, म्हणजे माल कुठल्या देशाचा धरायचा याचा नियम मात्र राहिला, कारण आता शुल्काची सवलत त्याच्यावर ठरते. बांगलादेशचे कपडे साफ्टा म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली २०११ पासून आपल्याकडं बिनशुल्क येतात आणि तिथल्या नियमात ३० टक्के मूल्यवाढ तिकडं झाली की भागतं, म्हणजे चिनी कापड आणून ढाक्याला शिवलं तरी हिशेबात बसलं की शर्ट बांगलादेशी. इथल्या कारखानदारांचा राग यावरच आहे, आणि माझ्या मते तो खराय. २०२० मधे कॅरोटार, म्हणजे सवलतीतल्या आयातीचं ओरिजिन तपासायचे कस्टमचे नियम आले, तेव्हापासून नुसतं सर्टिफिकेट चालत नाही, माल कसा बनला याची माहिती आयात करणाऱ्यानंच ठेवायची. मे २०२५ मधे तर बांगलादेशचे रेडिमेड कपडे फक्त कोलकाता आणि न्हावा शेवा बंदरातूनच घ्यायचे असं ठरलं.

कच्च्या कापसाला मात्र असली भानगड कमी, तिथं मुख्य आकडा एकच, शुल्क. फेब्रुवारी २०२१ ला ते ११ टक्के झालं, २०२२ मधे काही महिने उठवलं, आणि ऑगस्ट २०२५ मधे परत शून्य, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. गिरण्यांना स्वस्त रुई पाहिजे होती हे मान्य, पण तारखा बघा की, आपल्याकडं वेचणी दसरा-दिवाळीलाच असते.