भारतीय सैन्यदलांतील मानसिक आरोग्यसेवा

लष्कर, नौदल आणि हवाई दलातील जवान व अधिकारी, माजी सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या मानसिक आजारांचे निदान, उपचार व पुनर्वसन करणारी यंत्रणा. नोकरीत असेपर्यंत ही जबाबदारी सशस्त्र सेना वैद्यकीय सेवेकडे असते. पेन्शनवर आल्यावर ती १ एप्रिल २००३ रोजी सुरू झालेल्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेकडे, म्हणजेच ईसीएचएसकडे जाते. इतर आरोग्यसेवांपेक्षा तिचे वेगळेपण असे, की इथे रुग्णावर उपचार करणारा आणि त्याला नोकरीवर ठेवणारा एकच असतो. गावातला माणूस मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला तर ती गोष्ट त्या दोघांत राहते. फौजेत मात्र त्याच निदानावर माणसाच्या हातात रायफल द्यायची का, त्याला कुठे पाठवायचे, बढती द्यायची का आणि शेवटी पेन्शन किती, हे सगळे ठरते. या सेवेच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे.

पूर्वपीठिका

युद्धाने मन मोडते हे सैनिकांच्या घरच्यांना पूर्वीपासून माहीत होते. वैद्यकशास्त्राने त्याची ठळक नोंद घेतली ती पहिल्या महायुद्धात. ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून 'शेलशॉक' ही संज्ञा वैद्यकीय चर्चेत आणली. बाहेरून जखम नाही, पण हातपाय थरथरतात, वाचा जाते, झोप उडते, अशा सैनिकांचे काय करायचे हा प्रश्न तेव्हा युरोपातल्या प्रत्येक सैन्यापुढे होता. काहींवर भेकडपणाचा ठपका आला, काहींना शिक्षा झाल्या. अनुभवाअंती उपचाराची एक रीत ठरली: सैनिकाला फार दूर न नेता आघाडीजवळच, लवकरात लवकर विश्रांती व उपचार द्यायचे आणि तू बरा होऊन आपल्या माणसांत परतणार आहेस हे त्याला पहिल्या दिवसापासून सांगायचे. लष्करी मानसोपचारात हे तत्त्व आजही पाळले जाते.

त्या युद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुट येथे डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात वेढ्यात अडकून उपासमार सोसणाऱ्यांत मराठा पलटणीही होत्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आल्याचे तिथला स्मृतिस्तंभ सांगतो. गाव आजही 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखले जाते. मेलेल्यांची नावे दगडावर कोरली गेली. जे परत आले आणि पुढे आयुष्यभर रात्री दचकून उठत राहिले, त्यांची मोजदाद कुणी केली नाही. अशा माणसांना घरात 'लढाईवरून आल्यापासून असाच आहे' म्हणून सांभाळून घेतले जाई, आणि तोच त्यांचा उपचार.

स्वातंत्र्यानंतर १ मे १९४८ रोजी पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे एएफएमसी, उभे राहिले. सैन्यदलांसाठी मानसोपचारतज्ज्ञ घडवण्याचे ते महत्त्वाचे केंद्र आहे. पुण्याचे कमांड हॉस्पिटल, मुंबईतील नौदलाचे 'अश्विनी' रुग्णालय आणि दिल्लीचे आर्मी हॉस्पिटल ही उपचाराची मोठी ठिकाणे. मानसशास्त्रीय संशोधनाची वेगळी शाखा दिल्लीत १९४९ पासून होती. तिचा सुरुवातीचा भर भरतीच्या चाचण्यांवर होता, पुढे ताणतणावाचा अभ्यासही तिच्याकडे आला. उत्तम माणूस निवडला की तो पुढे खचणार नाही, अशी समजूत यामागे बरीच वर्षे होती. ती अपुरी ठरली आहे, कारण निवडीच्या दिवशी धडधाकट असलेला माणूस पंधरा वर्षांनी कोणत्या परिस्थितीत असेल हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही.

निदान आणि 'कॅटेगरी'

सैनिकाची प्रकृती 'शेप' या पाच अक्षरांच्या श्रेणीत मोजली जाते. एस म्हणजे मानसिक स्थिती, एच म्हणजे श्रवण, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे शारीरिक क्षमता आणि ई म्हणजे दृष्टी. प्रत्येक अक्षरापुढे आकडा असतो. पाचही ठिकाणी एक असेल तर माणूस 'शेप-वन', म्हणजे पूर्ण तंदुरुस्त. पाच हा आकडा पडला की तो सेवेला अपात्र. गुडघा दुखावला म्हणून ए किंवा पीचा आकडा वाढला, तर बरॅकमध्ये त्याची चर्चा उघडपणे होते. एसचा आकडा वाढला की मात्र सगळे गप्प होतात.

जवान मानसोपचारतज्ज्ञासमोर येतो तो साधारणपणे युनिटच्या डॉक्टरमार्फत, आणि त्याच्यासोबत त्याच्या कमांडिंग ऑफिसरने भरलेला एएफएमएसएफ-१० हा अहवाल असतो. त्याचे काम कसे आहे, सोबत्यांशी पटते का, दारू किती, वागण्यात फरक कधीपासून दिसला, अशी माहिती त्यात द्यायची असते. या कागदाचा उपयोग मोठा आहे, कारण आजारी माणूस स्वतःबद्दल जे सांगू शकत नाही ते त्याच्यासोबत चोवीस तास राहणाऱ्यांना दिसलेले असते. पण डॉक्टरसमोर बसलेल्या जवानाला हेही ठाऊक असते, की आपला साहेब आपल्याबद्दल लिहून मोकळा झाला आहे. अशा वेळी तो मोजकेच बोलतो. 'झोप लागत नाही साहेब, बाकी ठीक आहे,' एवढेच.

उपचार सुरू झाल्यावर रुग्णाला सहसा चोवीस आठवड्यांसाठी तात्पुरती खालची श्रेणी देतात. या काळात त्याच्याकडे हत्यार देत नाहीत, अतिउंचीवर किंवा एकाकी चौकीवर पाठवत नाहीत, आणि मानसोपचारतज्ज्ञ जवळ असेल अशाच ठिकाणी ठेवतात. वैद्यकीयदृष्ट्या यातली प्रत्येक अट रास्त आहे. पण पलटणीत सगळे जण पहाऱ्याच्या ड्यूटीला बंदूक घेऊन उभे असताना एकालाच ती मिळत नाही, म्हणजे का मिळत नाही हे न सांगताच सगळ्यांना कळते. बरे होऊन पुन्हा एस-वनवर येणारे पुष्कळ असतात, तरी 'कॅटेगरी लागली' या दोन शब्दांची धास्ती इतकी आहे की अनेक जण त्रास लपवतात, आणि आजार बळावल्यावरच तो उघड होतो. भारतीय सैन्यात आघातोत्तर ताणविकाराचे, म्हणजे भीषण प्रसंगानंतर जडणाऱ्या 'पीटीएसडी'चे, नोंदलेले प्रमाण पाश्चात्त्य सैन्यांपेक्षा कमी दिसते. पलटणीतला जिव्हाळा आणि एकत्र कुटुंबाचा आधार ही कारणे त्यासाठी दिली जातात आणि त्यांत तथ्य आहे. मात्र लपवण्याचा वाटा त्यातून वजा केल्याशिवाय त्या आकड्यांवर समाधान मानणे धोक्याचे आहे.

ताण कुठून येतो

सियाचिनवर १९८४ पासून फौज आहे. काश्मीर आणि ईशान्येकडील बंडखोरीविरोधी मोहिमा तर कित्येक दशके चालल्या. समोरासमोरच्या लढाईला सुरुवात आणि शेवट असतो. या कामाला तो नसतो. तरीही सैनिकांशी बोलणारे डॉक्टर, समुपदेशक आणि संसदीय अहवाल पुन्हा पुन्हा बोट दाखवतात ते घराकडे: भावकीतला जमिनीचा वाद, बांधावरची भांडणे, मुलीचे लग्न, कर्ज, बायको आणि आईवडील यांच्यातली ओढाताण. पूर्वी गावची बातमी पत्राने पंधरा दिवसांनी पोहोचायची, तोवर भांडण मिटलेलेही असायचे. आता ती मोबाइलवर त्याच क्षणी पोहोचते, आणि हजारो मैलांवर बसलेल्या माणसाच्या हातात काहीच नसते. अशा वादांबाबत कमांडिंग ऑफिसर जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहितात. त्या पत्राची दखल तहसील कचेरीत घेतली जाणे हादेखील मानसिक आरोग्यसेवेचाच भाग मानायला हवा.

संसदेत दिलेल्या उत्तरांनुसार २०१० नंतरच्या दशकात एकट्या लष्करात दरवर्षी शंभराच्या आगेमागे आत्महत्या होत राहिल्या. संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीने २००८ मध्ये सैन्यदलांतील ताणव्यवस्थापनावर स्वतंत्र अहवाल दिला. त्या सुमारास मुलकी समुपदेशकांच्या नेमणुका, रजेबाबत उदार धोरण, कुटुंबांसाठी जास्त निवासस्थाने असे उपाय सुरू झाले. दोन जवानांनी एकमेकांवर लक्ष ठेवायची 'बडी' पद्धत त्याच मालिकेतली. पलटणीच्या धर्मशिक्षकांनाही समुपदेशनाचे धडे दिले जातात. या धर्मशिक्षकांचे प्रशिक्षण पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होते. हा उपाय वरवर किरकोळ वाटतो, पण मंदिराच्या पायरीवर पंडितजींशी बोलले तर त्याची नोंद कुठल्याही फॉर्मवर होत नाही, आणि जवानाला नेमके तेच हवे असते.

दारूचा विषय वेगळा नोंदवायला हवा. फौजेत रम सहज आणि स्वस्त मिळते, आणि दारूचे व्यसन हे लष्करी मानसोपचार विभागात नेहमी दिसणारे निदान आहे. व्यसनमुक्तीसाठी रुग्णालयात ठेवून उपचार होतात, पण पुन्हा घसरलेल्या माणसाला घरी पाठवले जाऊ शकते. शिवाय व्यसन ही स्वतःची करणी मानली जात असल्याने अपंगत्व पेन्शनही सहसा नाकारली जाते. झोप यावी म्हणून प्यायला लागलेल्या माणसाच्या बाबतीत मूळ आजार कोणता, हे तपासायला हवे. दरवेळी ते होत नाही.

कायदा आणि पेन्शन

मे २०१८ मध्ये अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या ११५ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी मदत द्यायची आहे. १९५० च्या लष्कर कायद्याचे ६४ वे कलम मात्र आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा मानते. गुन्ह्याची भीती डोक्यावर असताना कुणी मदत मागायला येईल ही अपेक्षा फोल आहे, आणि हे कलम बदलायलाच हवे.

वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवून घरी पाठवलेल्यांना, म्हणजे 'बोर्ड आऊट' झालेल्यांना, अपंगत्व पेन्शन मिळण्यासाठी आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे वाढला असे ठरावे लागते. मनोविकारांच्या बाबतीत मंडळे वर्षानुवर्षे 'आनुवंशिक' किंवा 'सेवेशी संबंध नाही' असा शेरा मारत आली. २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असेच धरायचे, आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर. त्याच वर्षी स्किझोफ्रेनियाच्या निदानावरून सत्तरच्या दशकात घरी पाठवलेल्या एका जवानाच्या प्रकरणात न्यायालयाने वैद्यकीय मताची त्रोटकता दाखवून फेरतपासणीचा आदेश दिला. २००९ पासून कार्यरत असलेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणापुढे, त्याच्या मुंबई खंडपीठापुढेही, असे दावे चालतात. सप्टेंबर २०२३ मध्ये अपंगत्व पेन्शनच्या पात्रतेचे नवे नियम आले.

निवृत्तीनंतर

जवान बहुधा चाळिशीच्या आत-बाहेर पेन्शनवर येतो. मुलांची शिक्षणे व्हायची असतात, दुसरी नोकरी शोधायची असते. आणि रोल कॉलला एखाद्याचा चेहरा उतरलेला दिसला तर 'काय झालं रे?' विचारणारे सुभेदार साहेब आता नसतात. ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळते, औषधेही मिळतात, पण तिथवर जायला आपण आजारी आहोत हे आधी कबूल करावे लागते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत पेन्शन, शिष्यवृत्ती आणि वीरपत्नींच्या मदतीची कामे होतात. मनाचे दुखणे घेऊन तिथे येतात त्या बहुतेक वेळा बायकाच, त्याही पेन्शनच्या कागदाचे निमित्त करून. अमेरिका किंवा ब्रिटनप्रमाणे माजी सैनिकांच्या मानसिक आजारांसाठीच वाहिलेली मोठी देशव्यापी व्यवस्था भारतात उभी राहिलेली नाही. खडकी येथे १९७४ पासून चाललेल्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात मणक्याच्या दुखापतीने खुर्चीला खिळलेल्या सैनिकांना खेळ आणि कामातून उभारी दिली जाते. जखम न दिसणाऱ्यांसाठीही अशीच जागा हवी.

१ डिसेंबर २०२३ रोजी पुण्यातील एएफएमसीमध्ये 'टेलि-मानस'चा सैन्यदलांसाठीचा विशेष कक्ष सुरू झाला. केंद्र सरकारची ही दूरध्वनी समुपदेशन सेवा ऑक्टोबर २०२२ पासून देशभर आहे आणि तिचा क्रमांक १४४१६. फौजेची भाषा, बदल्या आणि कॅटेगरीची धास्ती समजणारे माणूस फोनच्या दुसऱ्या टोकाला असणे, ही या कक्षाची जमेची बाजू. घरची माणसेही फोन करू शकतात.

२०२२ च्या अग्निपथ योजनेने एक नवा वर्ग निर्माण केला आहे. या योजनेतून चार वर्षांसाठी भरती झालेल्या अग्निवीरांपैकी जास्तीत जास्त एक चतुर्थांश पुढे कायम होऊ शकतात. उरलेल्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही. सीमेवर चार वर्षे काढून पंचविशीच्या आसपास गावी येणाऱ्या या मुलांच्या मानसिक उपचारांची जबाबदारी सैन्यदलाच्या कोणत्याही विभागाकडे सोपवलेली नाही. त्यांच्यासाठी आज आहेत ती सरकारी रुग्णालये आणि १४४१६.