बास मासेमारी : साधनांची निवड आणि तंत्रे

उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातील बास हा शिकारी मासा काठी, रीळ आणि बहुधा कृत्रिम आमिष वापरून गरीने पकडण्याचा छंद व क्रीडाप्रकार. त्यासाठी बाजारात आमिषांचे इतके प्रकार, रंग आणि आकार मिळतात की नवखा माणूस त्या फडताळापासूनच सुरुवात करतो. ती दिशा उलटी आहे. मासा कशाच्या आडोशाला बसला आहे हे आधी पाहावे लागते. तिथून त्याला ओढून काढायला कोणती दोरी लागेल ते त्यावरून ठरते. दोरीवरून गरी, गरीवरून काठी आणि शेवटी रीळ. आमिषाचा रंग त्या मानाने किरकोळ बाब आहे.

मासा

या छंदातले मुख्य मासे दोन: लार्जमाउथ बास आणि स्मॉलमाउथ बास. दोन्ही मायक्रोप्टेरस या प्रजातीतले, सनफिश कुळातले. समुद्री बासशी त्यांचे जवळचे नाते नाही. कोकण-गोव्यातला जिताडाही वेगळ्याच कुळातला. लार्जमाउथच्या वरच्या जबड्याचे टोक डोळ्याच्या मागे जाते, स्मॉलमाउथचे जात नाही, ही ओळखण्याची सोपी खूण. लार्जमाउथला संथ, उबदार, पाणवनस्पतींनी भरलेले पाणी मानवते, तर स्मॉलमाउथ थंड, स्वच्छ, खडकाळ तळाच्या पाण्यात रमतो. फ्लोरिडातला बास उत्तरेकडच्या भाईबंदांपेक्षा मोठा वाढतो, म्हणून टेक्सस आणि कॅलिफोर्नियाच्या जलाशयांत तो मुद्दाम सोडण्यात आला.

लार्जमाउथ दूरवर पाठलाग करणारा मासा नाही. बुडालेले ओंडके, धक्क्यांचे खांब, कमळाची पाने, हायड्रिलासारख्या पाणगवताचा काठ अशा जागी तो दबा धरून बसतो आणि टप्प्यात आलेले भक्ष्य तोंड एकदम उघडून पाण्यासकट आत ओढतो. लहान मासे, झिंग्यासारखा दिसणारा क्रेफिश, बेडूक, हे त्याचे खाद्य. ओढलेली वस्तू खोटी वाटली तर तितक्याच चपळाईने तो ती थुंकतो. गरवणाऱ्याच्या हाती असतो तो एवढ्यातला वेळ, आणि साधनांमधले बहुतेक बारकावे तो वेळ वाया जाऊ नये यासाठी आहेत.

दोरी

दोरी तीन प्रकारची: नायलॉनचा एकपदरी तंगूस, फ्लुओरोकार्बन आणि विणलेली दोरी. तंगूस ताणला जातो आणि पाण्यात सावकाश बुडतो. फ्लुओरोकार्बन जड असल्याने झटकन बुडतो, खडकावर घासला तरी टिकतो, आणि त्याचा प्रकाश-अपवर्तनांक (सुमारे 1.42) पाण्याच्या 1.33 च्या जवळ असल्याने तो माशाला कमी दिसतो. विणलेली दोरी जवळजवळ ताणली जात नाही, तरंगते आणि जाडीच्या मानाने फार मजबूत असते. मात्र स्वच्छ पाण्यात ती ठळक दिसते.

दाट पाणगवताच्या गालिच्यावर बेडूक-आमिष ओढायचे असेल तर 50 ते 65 पौंडांची, म्हणजे तेवढा ताण सोसणारी, विणलेली दोरी लागते. मासा तेवढ्या वजनाचा कधीच नसतो. पण गरी लागताच तो खाली मुसंडी मारतो आणि दोरीभोवती कित्येक किलो गवत गुंडाळले जाते. दोरीला ते सगळे उपसावे लागते. उलट, स्वच्छ खोल पाण्यात, जिथे आडोसा विरळ आणि मासा सावध, तिथे 6 ते 8 पौंडांचा फ्लुओरोकार्बन पुरतो. मधल्या परिस्थितीला, म्हणजे विरळ गवत आणि लाकूडफाट्याला, 12 ते 17 पौंडांचा. पृष्ठभागावर चालणाऱ्या आमिषाला फ्लुओरोकार्बन कधी बांधू नये, कारण बुडणारी दोरी त्याचे नाक खाली खेचते.

गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी. कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि दोरी तिथेच कमकुवत होते. पालोमार ही गाठ शिकायला सोपी आहे आणि तिन्ही दोऱ्यांवर टिकते.

काठी आणि रीळ

काठीवर दोन गुण लिहिलेले असतात. ताकद म्हणजे ती किती वजन पेलते. वाक म्हणजे ती कुठून वाकते. ‘फास्ट’ काठीचे फक्त टोक वाकते, ‘मॉडरेट’ काठी मध्यापर्यंत वाकते. आमिषाचे आणि दोरीचे योग्य वजनही मुठीच्या वर छापलेले असते. सगळे त्याकडे दुर्लक्ष करतात, पण काठीची सर्वांत उपयोगी माहिती तीच.

गरीशी काठीचे गणित असे जुळते: जाड तारेची एकेरी गरी माशाच्या जबड्यात रुतवायला जोराचा झटका लागतो, म्हणून तिथे ताठ, फास्ट काठी. क्रँकबेटसारख्या (ओढताच डुबकी मारणाऱ्या, माशाच्या आकाराच्या कठीण) आमिषाला मात्र पातळ तारेच्या तिहेरी गऱ्या असतात. त्या सहज रुततात आणि तितक्याच सहज फाटून निघतात, म्हणून तिथे मऊ, मॉडरेट काठी हवी. माशाच्या प्रत्येक हिसक्याला ती नमते. अनेक जण क्रँकबेटसाठी कार्बनऐवजी काचतंतूची काठी वापरतात ती याचसाठी. एकच काठी घेता येत असेल तर सात फुटांची, मीडियम-हेवी ताकदीची, फास्ट वाकाची घ्यावी. तिच्यावर निम्म्याहून अधिक तंत्रे जमतात.

फेकताना दोरी गुंडाळलेली फिरकी फिरते असे बेटकास्टिंग रीळ मुळात अमेरिकन आहे. केंटकीतल्या पॅरिस गावचे घड्याळजी जॉर्ज स्नायडर यांनी 19 व्या शतकाच्या आरंभी दातेरी चक्रांचे रीळ बनवले. रिळाच्या मुठीच्या एका फेऱ्यात फिरकीचे अनेक फेरे होत. आजच्या रिळावर 5:1, 7:1 असे लिहिलेले असते ते हेच प्रमाण. खोल जाणारा क्रँकबेट ओढताना हाताला मोठा रोध जाणवतो, तिथे 5:1 सुखावह. जिग (वजनदार डोक्याची गरी) किंवा प्लास्टिकच्या किड्याने गरवताना मासा गरवणाऱ्याच्याच दिशेने पोहत आला तर ढिली दोरी भराभर गुंडाळावी लागते, तिथे 7:1 किंवा वर. बेटकास्टिंगची फिरकी आमिषापेक्षा वेगाने फिरली की दोरीचा गुंता होतो. चुंबकीय आणि केंद्रोत्सारी ब्रेक मदत करतात, पण खरा ब्रेक अंगठा. सुमारे 7 ग्रॅमपेक्षा हलकी आमिषे फेकायला फिरकी स्थिर ठेवणारे स्पिनिंग रीळ बरे.

आमिषे आणि तंत्रे

1949 मध्ये ओहायोतल्या ॲक्रनच्या निक क्रीम यांनी मऊ प्लास्टिकचा गांडूळ तयार केला. बास मासेमारीवर इतका परिणाम दुसऱ्या कोणत्याच आमिषाने केला नसेल. लाकडी आणि धातूची आमिषे त्यापूर्वीही होती, पण ती झाडझाडोऱ्यात अडकत. मऊ प्लास्टिकमध्ये गरीचे टोक परत खुपसून लपवता येते. टेक्सस रिग हीच मांडणी: दोरीवर बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे वजन, खाली वळणाची गरी आणि तिच्यावर टोक झाकेल असा किडा. ती फांद्यांमधून सरपटत जाते आणि मासा चावल्यावरच गरी बाहेर येते. आमिष तळाशी पडू द्यावे, काठीचे टोक हळूच उचलावे, पुन्हा पडू द्यावे. बहुतेक चावे पडतानाच येतात, म्हणून दोरीकडे लक्ष हवे; ती आडवी सरकली किंवा मध्येच थांबली तर झटका द्यावा.

कॅरोलायना रिगमध्ये जड वजन पुढे आणि आमिष हात-दीड हात मागे तरंगत येते. मोकळा, विस्तीर्ण तळ चाचपायला ती चांगली. ड्रॉप शॉट जपानमधून आलेली मांडणी. तिच्यात वजन सर्वांत खाली आणि गरी त्याच्या वीतभर वर, त्यामुळे आमिष एकाच जागी लुकलुकत राहते. खूप गरवल्या गेलेल्या, बिथरलेल्या माशांना ती मानवते.

जिग म्हणजे वजनदार डोक्याची गरी, तिला रबरी किंवा सिलिकॉनचा झगा आणि गवत अडवणारे राठ केस. तो क्रेफिशचे सोंग करतो. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात डी थॉमस यांनी लांब काठीने तो अगदी जवळच्या झुडपात आवाज न करता सोडण्याचे ‘फ्लिपिंग’ रूढ केले. झाडीत शिरलेल्या माशासाठी याहून नेमके तंत्र नाही.

स्पिनरबेट या आमिषाची फिरती धातूची पाती गढूळ पाण्यातही कंप पाठवतात आणि बास ते अंगावरच्या पार्श्वरेषेने टिपतो. क्रँकबेट किती खोल जाईल हे मुख्यतः त्याच्या जिभेवरून, म्हणजे तोंडाशी बसवलेल्या पट्टीवरून, ठरते: लांब जीभ, खोल डुबकी. तळावर किंवा ओंडक्यावर ठोकर खाऊन तो वेडावाकडा उसळतो तेव्हा बहुधा मासा झडप घालतो, त्यामुळे पाण्याच्या खोलीपेक्षा थोडा अधिक खोल जाणारा क्रँकबेट निवडावा. पृष्ठभागावरचा पोकळ बेडूक सर्वांत थरारक, पण पाणी उडालेले दिसताच काठी ओढण्याचा मोह आवरावा लागतो. मासा आमिष घेऊन वळेपर्यंत थांबावे. भारतात मरळ गरवणारे हाच बेडूक वापरतात. गवतात लपून वर झडप घालण्याची मरळची सवयही तशीच आहे.

रंगाबाबत थोडक्यात: स्वच्छ पाण्यात फिके, नैसर्गिक, गढूळ पाण्यात गडद, विशेषतः काळा-निळा.

ऋतू आणि पाणी

वसंतात पाणी 15-16 अंश सेल्सियसला पोहोचले की बास उथळ पाण्यात विणीसाठी येतो. नर शेपटीने तळ साफ करून घरटे करतो आणि अंडी-पिल्लांची राखण करतो. तेव्हा तो भुकेपोटी नव्हे, रक्षणापोटी चावतो. अशा वेळी त्याला उचलला तर सनफिशसारखे मासे मिनिटांत अंडी फस्त करतात. घरट्यावरचा नर गरवू नये, गरवलाच तर तिथल्या तिथे ताबडतोब सोडावा. उन्हाळ्यात पहाटे पृष्ठभागावर, दुपारी दाट सावलीत किंवा खोल कडांवर गरवावे. शरद ऋतूत शॅड मासळीचे थवे खाड्यांसारख्या चिंचोळ्या फाट्यांत शिरतात आणि बास त्यांच्या मागे जातो. पाणी 10 अंशांखाली गेले की त्याची पचनक्रिया मंदावते. तेव्हा अधांतरी थांबणारा जर्कबेट (लांबट, माशासारखे आमिष) दोन हिसके देऊन दहा-दहा सेकंद निश्चल ठेवावा लागतो. इथे धीर हेच तंत्र.

स्पर्धा, जलाशय आणि मासा सोडणे

या छंदाला आजचे रूप धरणांनी दिले. 1933 मध्ये स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या अमेरिकी सरकारी संस्थेच्या धरणांमागे गंटर्सव्हिलसारखे जलाशय तयार झाले. टेक्ससचा लेक फोर्क 1980 चा. बुडालेली जंगले आणि रस्ते म्हणजे बासला आयता आडोसा. रे स्कॉट यांनी 1967 मध्ये आर्कान्साच्या बीव्हर लेकवर स्पर्धा भरवली, 1968 मध्ये बास अँगलर्स स्पोर्ट्समन सोसायटी स्थापली आणि 1972 पासून पकडलेला मासा जिवंत सोडण्याचा आग्रह धरला. हवा मिसळलेल्या पाण्याच्या टाक्या होड्यांत आल्या त्या या आग्रहामुळे.

सोडायचा मासा ओल्या हाताने धरावा, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर जात नाही. खालच्या जबड्याला धरून उचलता येतो, पण मोठ्या माशाच्या पोटाखाली दुसरा हात हवाच. पुरेशी भक्कम साधनेही इथे महत्त्वाची: नाजूक दोरीवर मासा फार वेळ झुंजवला की तो दमून मरू शकतो. शिशाची वजने गिळून लून हे पाणपक्षी दगावतात, म्हणून न्यू हॅम्पशायर, व्हरमॉन्ट आणि मॅसॅच्युसेट्समध्ये लहान शिशाच्या वजनांवर बंदी आहे. टंगस्टन महाग खरे, पण शिशापेक्षा दीडपटीहून अधिक घन असल्याने वजन आकाराने लहान होते आणि तळ खडकाळ की चिखलाचा हे हाताला स्पष्ट कळते.

विक्रम

जॉर्ज पेरी यांनी 2 जून 1932 रोजी जॉर्जियातल्या माँटगोमरी लेकमध्ये 22 पौंड 4 औंसांचा (सुमारे 10.09 किलो) लार्जमाउथ पकडला, तो त्यांच्या घरी खाल्ला गेला. 2 जुलै 2009 रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी जिवंत ब्लूगिल माशाच्या आमिषावर किंचित जड बास पकडला, पण फरक नियमाप्रमाणे दोन औंसांचा नसल्याने दोघांचा विक्रम बरोबरीत धरला जातो. जपानमध्ये हा मासा 1925 मध्ये आशी सरोवरात आणला गेला. स्थानिक मासळीचा त्याने फडशा पाडल्याने 2005 पासून त्याची वाहतूक आणि पैदास कायद्याने बंद आहे. बिवा ज्या प्रांतात आहे त्या शिगामध्ये तर पकडलेला बास परत सोडायला मनाई असून, तो टाकण्यासाठी सरोवराच्या काठी पेट्या ठेवलेल्या आहेत.