खंडोष्ठ व खंडतालू : आनुवंशिकता

वरचा ओठ, टाळू किंवा दोन्ही जन्मतः दुभंगलेले असण्याची विकृती काही कुटुंबांत पुन्हा पुन्हा आढळते. सुमारे ७०० जन्मांमागे एक असे तिचे प्रमाण सामान्यतः धरतात. पूर्व आशियाई लोकसमूहांत ते जास्त, तर आफ्रिकी वंशाच्या लोकांत कमी असते.

ओठ गर्भावस्थेच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात सांधला जातो; टाळूचे सांधणे त्यानंतर, बाराव्या आठवड्याच्या सुमारास पुरे होते. वारशाच्या दृष्टीनेही या दोन गोष्टी वेगळ्या ठरतात. डॅनिश शल्यचिकित्सक पॉल फो-अँडरसन यांनी १९४२ मध्ये दाखवले, की दुभंगलेल्या ओठाच्या (टाळूसह वा टाळूविना) रुग्णांच्या नातलगांत तीच विकृती अधिक दिसते, नुसत्या खंडतालूचे प्रमाण मात्र वाढत नाही. उलट बाजूनेही तसेच. पहिला प्रकार मुलग्यांत, दुसरा मुलींत अधिक.

वारशाचे स्वरूप कोणते, हा वाद दीर्घकाळ चालला. एकरूप जुळ्यांपैकी एक बाधित असल्यास दुसरेही बाधित असण्याचे प्रमाण सुमारे ४० ते ६० टक्के, भिन्नरूप जुळ्यांत ते ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जनुकांचा वाटा मोठा, पण पूर्ण नव्हे. आनुवंशिकीतज्ज्ञ डग्लस फाल्कनर यांच्या १९६५ मधील उंबरठा-प्रतिमानानुसार अनेक जनुके व परिस्थिती यांचा एकत्रित भार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की विकृती प्रकटते. सख्ख्या भावंडांत सुमारे ४ टक्के असलेला धोका मामा, काका, आत्या, मावशी यांच्या पातळीवर १ टक्क्याखाली घसरतो. एकाच जनुकाचा वारसा असता, तर तो दर पायरीला निम्माच झाला असता. १९८० नंतर काही अभ्यासकांनी कौटुंबिक आकड्यांची फेरतपासणी करून एका प्रमुख जनुकाचा पक्ष मांडला. आज मोजकी प्रभावशाली जनुके व अनेक किरकोळ जनुके हे मधले मत अधिक ग्राह्य वाटते. आठव्या गुणसूत्रावरील एका भागाचा संबंध २००९ मध्ये आढळला, तो याच मताला पूरक आहे.

निरोगी आईवडिलांचे एक मूल बाधित असल्यास पुढच्या मुलाला धोका ३ ते ५ टक्के, दोन मुले बाधित असल्यास सुमारे १० टक्के. दुभंग दोन्ही बाजूंचा असल्यास तो वाढतो. धूम्रपान व अपस्मारावरील काही औषधे यांचाही हातभार लागतो. तरीही बहुतेक कुटुंबांत एकच एक कारण दाखवता येत नाही, आणि आईच्या माथी दोष मारणे सर्वस्वी अन्यायाचे आहे.

व्हॅन डर वूड लक्षणसमूह हा महत्त्वाचा अपवाद. त्याचे जनुक, आयआरएफ६, पहिल्या गुणसूत्रावर असून ते २००२ मध्ये निश्चित झाले. यात एकाच घरात कोणाचा ओठ, तर कोणाची फक्त टाळू दुभंगलेली असते, आणि खालच्या ओठावर लहान खळगे असतात. काहींत खळग्यांखेरीज दुसरे लक्षणच नसते. म्हणून आनुवंशिक सल्ला देताना आईवडिलांचा खालचा ओठ आवर्जून पाहतात. खळगे आढळले, तर मुलाला ते जनुक मिळण्याची शक्यता निम्मी धरतात. मात्र जनुक मिळालेल्या प्रत्येकात दुभंग होतोच असे नाही.