प्रायमरीत "मला हा माणूस कसा वाटला" याला किंमत कधी आली?

प्रायमरीचं, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीचं वर्ष आलं की आमच्या न्यू जर्सीत मराठी लोकांच्या गप्पा हमखास उमेदवारांवर येतात आणि त्यात धोरणं कमी, माणसं जास्त असतात. "बोलतो छान, पण भरवसा वाटत नाही." "ती डिबेटमध्ये दुसऱ्याला बोलूच देत नव्हती." "माणूस चांगला आहे हो, पण आता वय झालंय." मग कोणीतरी म्हणतंच, की हे काय बोलताय, मुद्द्यांवर बोला, हेल्थकेअरवर बोला, टॅक्सवर बोला. मला हे कधीच पटलेलं नाही. प्रायमरीत सगळे एकाच पक्षाचे असतात, धोरणांत फरक असला तर उन्नीस-बीसचा, मग मतदार बघणार काय, तर माणूसच बघणार ना, अडचणीचा प्रश्न आला की हा चिडतो का, टाळतो का, समोरच्याचं ऐकून घेतो का. आणि दुसरं म्हणजे सामान्य माणसाचं हे "मला कसा वाटला" मोजलं जावं म्हणून या देशात लोक शंभर-दीडशे वर्षं भांडलेत, तो इतिहास फारसा कोणी सांगत नाही म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडे महाराष्ट्रात तिकीट कोणाला हे पक्षश्रेष्ठी ठरवतात, एबी फॉर्म कोणाच्या हातात पडणार हे शेवटच्या दिवसापर्यंत कार्यकर्त्यालाही माहीत नसतं, मतदार तर लांबच राहिला. अमेरिकेत तिकीट कोणाला हेही मतदार ठरवतो आणि त्यासाठी जी निवडणूक होते ती प्रायमरी. मतं पडतात त्यावरून राज्याराज्यातून डेलिगेट, म्हणजे पक्षाचे प्रतिनिधी ठरतात, ते उन्हाळ्यात पक्षाच्या कन्व्हेन्शनला, म्हणजे अधिवेशनाला जाऊन उमेदवारावर शिक्का मारतात. काही राज्यांत प्रायमरीऐवजी कॉकस असतो, म्हणजे ठरलेल्या संध्याकाळी शाळेत नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये जमायचं आणि मत द्यायचं, पूर्वी काही ठिकाणी तर शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर उघडपणे आपली बाजू घेऊन.

यातलं काहीही राज्यघटनेत नाही. घटनेत राजकीय पक्षांचं नावसुद्धा नाही. सुरुवातीला काँग्रेसमधले, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतले खासदारच आपापसात बसून पक्षाचा उमेदवार ठरवायचे, ती पद्धत १८२४ मध्ये मोडली, कारण विल्यम क्रॉफर्डचं नाव ठरवायला बोलावलेल्या बैठकीला बहुतेक खासदार फिरकलेच नाहीत. मग कन्व्हेन्शन आली. पहिली राष्ट्रीय कन्व्हेन्शन १८३१ मध्ये बाल्टिमोरला अँटी-मेसॉनिक नावाच्या छोट्या पक्षाने भरवली आणि मोठ्या पक्षांनी ती उचलली. ऐकायला हे जास्त लोकशाहीचं वाटतं, पण डेलिगेट म्हणजे शहराशहरातल्या पुढाऱ्यांची माणसं, सौदे हॉटेलच्या खोल्यांमध्ये व्हायचे. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला डेमोक्रॅट पक्षाला उमेदवार ठरवायला १०३ फेऱ्या लागल्या आणि शेवटी जॉन डेव्हिस नावाचा तडजोडीचा माणूस निघाला, जो नोव्हेंबरमध्ये आपटला. या सगळ्यात विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्याला किंवा पेनसिल्व्हेनियाच्या खाणकामगाराला कोण आवडतो हे विचारायची कोणाला गरजच वाटली नाही.

विचारायला सुरुवात झाली ती १९०० नंतरच्या सुधारणावादी लाटेत. विस्कॉन्सिनचे रॉबर्ट ला फॉलेट यांनी पक्षाचे पुढारी बाजूला सारून थेट मतदाराने उमेदवार निवडावा हा आग्रह लावून धरला, ओरेगनने १९१० मध्ये अध्यक्षपदासाठी मतदारांचा कौल घ्यायचा कायदा केला आणि १९१२ पर्यंत डझनभर राज्यं यात आली. त्या वर्षी माजी अध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट आपल्याच रिपब्लिकन पक्षाच्या विद्यमान अध्यक्षाविरुद्ध, विल्यम टाफ्टविरुद्ध उतरले आणि त्यांनी बहुतेक प्रायमऱ्या जिंकल्या, टाफ्टचं स्वतःचं राज्य ओहायोसुद्धा. तरी शिकागोच्या कन्व्हेन्शनमध्ये पक्षयंत्रणा टाफ्टच्या हातात होती, वादातले डेलिगेट टाफ्टच्या पदरात टाकले गेले आणि तिकीट टाफ्टला. रुझवेल्टनी बंडखोरी करून वेगळा पक्ष काढला, मतं फुटली आणि डेमोक्रॅट वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले. लोकांचा कौल घेतला खरा, पण तो मानायचं बंधन कोणावरच नव्हतं, आणि हे असंच पुढची साठ वर्षं चाललं.

न्यू हॅम्पशायरचं नाव इथे येतं. छोटं थंडीचं राज्य, १९२० पासून सगळ्यात आधी प्रायमरी घेणारं. तिथे आधी नुसत्या डेलिगेटची नावं असायची, १९४९ च्या कायद्याने थेट अध्यक्षपदाच्या उमेदवारांची नावं मतपत्रिकेवर आली आणि १९५२ मध्ये त्याचा पहिला दणका बसला. टेनेसीचे सिनेटर एस्टेस केफॉव्हर बर्फातून गावोगाव फिरले, दुकानात, रस्त्यात, दिसेल त्याच्याशी हात मिळवून नाव सांगत, आणि चक्क राष्ट्राध्यक्ष ट्रुमनना हरवलं. ट्रुमन त्याआधी म्हणाले होते की प्रायमरी म्हणजे नुसती धूळफेक. केफॉव्हरनी त्या वर्षी पंधरापैकी बारा प्रायमऱ्या जिंकल्या, आणि कन्व्हेन्शनने तिकीट दिलं अॅडलाय स्टीव्हन्सनना, जे प्रायमरीत उभेच नव्हते! म्हणजे इतक्या लोकांनी एका माणसाला प्रत्यक्ष बघून, हात मिळवून पसंत केला आणि ते कागद गुंडाळून ठेवले गेले.

१९६० चं वेस्ट व्हर्जिनिया मला या सगळ्यात फार महत्त्वाचं वाटतं. जॉन केनेडी कॅथलिक, आणि कॅथलिक माणूस राष्ट्रव्यापी निवडणूक जिंकू शकत नाही हे पक्षाच्या पुढाऱ्यांनी गृहीत धरलेलं. वेस्ट व्हर्जिनिया जवळजवळ सगळं प्रोटेस्टंट, गरीब, कोळशाच्या खाणींचं. केनेडी बोस्टनच्या श्रीमंत घरातले, ते खाणीच्या तोंडाशी जाऊन शिफ्ट संपवून बाहेर येणाऱ्या कामगारांशी बोलले, धर्माचा प्रश्न टाळला नाही, उलट टीव्हीवर येऊन सरळ उत्तर दिलं. पैसाही भरपूर ओतला, ते नाकारायचं कारण नाही. पण १० मे ला ह्यूबर्ट हम्फ्रींना त्यांनी असं हरवलं की हम्फ्रींनी त्याच रात्री माघार घेतली. तरी लक्षात घ्या, केनेडींना ही जिंकलेली प्रायमरी घेऊन शिकागोचे महापौर डेली वगैरे मंडळींकडे जायचंच होतं, की बघा, प्रोटेस्टंटही मला मत देतात. निर्णय अजून पुढाऱ्यांच्याच हातात होता.

तो हातातून सुटला १९६८ मध्ये, आणि त्याची किंमत फार मोठी होती. व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं, सिनेटर युजीन मॅकार्थी युद्धाच्या विरोधात राष्ट्राध्यक्ष जॉन्सनसमोर उभे राहिले, कॉलेजची पोरं केस कापून, दाढ्या काढून न्यू हॅम्पशायरमध्ये दारोदार फिरली, म्हाताऱ्या मतदारांना आपण हिप्पी वाटू नये म्हणून. मॅकार्थींना ४२ टक्के मतं पडली. जिंकले जॉन्सनच, पण विद्यमान अध्यक्षाला स्वतःच्या पक्षात पन्नासच्या आसपास अडकावं लागलं हे सगळ्यांनी बघितलं आणि ३१ मार्चला जॉन्सननी आपण पुन्हा उभं राहणार नसल्याचं जाहीर केलं. नंतर अभ्यासकांनी बघितलं तेव्हा कळलं की मॅकार्थींना मत देणारे बरेच जण युद्धविरोधी नव्हतेच, त्यांना युद्ध आणखी जोरात लढायला हवं होतं. मुद्द्यांवर बोला म्हणणारे हे उदाहरण देऊन मतदाराला अडाणी ठरवतात. मला उलट दिसतं. त्या लोकांना एवढं पक्कं कळलं होतं की वॉशिंग्टनमधून जे सांगितलं जातंय त्यावर विश्वास ठेवता येत नाही, आणि तसं म्हणण्यासाठी मतपत्रिकेवर एकच नाव उपलब्ध होतं.

पुढे रॉबर्ट केनेडी शर्यतीत आले, जूनमध्ये कॅलिफोर्निया जिंकल्याच्या रात्री लॉस एंजेलिसच्या हॉटेलात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. आणि ऑगस्टमध्ये शिकागोला तिकीट मिळालं उपराष्ट्राध्यक्ष हम्फ्रींना, ज्यांनी एकही प्रायमरी लढवलेली नव्हती. बाहेर रस्त्यावर पोलीस पोरांना बडवत होते आणि घराघरात टीव्हीवर ते दिसत होतं. त्याच कन्व्हेन्शनमध्ये डेलिगेट निवडण्याची पद्धत सुधारायचा ठराव झाला, मग सिनेटर मॅकगव्हर्न आणि नंतर खासदार फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन बसलं आणि त्यांनी नियम केले की डेलिगेट उघडपणे निवडा, बैठकीची आगाऊ नोटीस द्या, निवडणुकीच्या वर्षातच निवडा, बायका, तरुण, अल्पसंख्याक यांना जागा द्या. हे नियम पाळायचे तर सगळ्यात सोपं काय, प्रायमरी घ्या, असं एकेका राज्याने ठरवलं. रिपब्लिकन पक्षही राज्यांच्या कायद्यांमुळे त्याच वाटेने गेला. १९८० पर्यंत प्रायमऱ्या तीसच्या वर गेल्या आणि कन्व्हेन्शन म्हणजे आधीच लागलेला निकाल वाचून दाखवायचा समारंभ झाला.

आयोवाचा कॉकस पहिला कसा आला हेही याच नियमांमुळे. टप्प्याटप्प्याच्या बैठकांमध्ये महिन्याभराचं अंतर ठेवायचं होतं, आयोवाच्या राजधानीत, डे मॉइनमध्ये, राज्याच्या कन्व्हेन्शनसाठी हॉटेलच्या खोल्या मिळायची अडचण होती, पक्षाच्या ऑफिसात एकच जुनं सायक्लोस्टाइल मशीन, कागदपत्रं छापायला वेळ लागणार, म्हणून मागे मागे मोजत २४ जानेवारी १९७२ ही तारीख निघाली. चार वर्षांनी जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर, ज्यांना राज्याबाहेर कोणी ओळखत नव्हतं, ते आयोवात महिनोन् महिने फिरले, समर्थकांच्या घरी मुक्काम करत, त्यांच्या सोफ्यावर झोपत. १९७६ च्या कॉकसमध्ये 'अजून कोणी नाही' याला ३७ टक्के आणि कार्टरना २८ च्या आसपास, पण उमेदवारांमध्ये ते पहिले, आणि तिथून थेट व्हाइट हाउस.

आता छाप मोजली जायला लागली तसे तिचे धोकेही दिसले. फेब्रुवारी १९७२, मँचेस्टर, न्यू हॅम्पशायर. डेमोक्रॅट पक्षाचे आघाडीवरचे उमेदवार एडमंड मस्की युनियन लीडर या पेपरच्या ऑफिससमोर ट्रकवर उभे, बर्फ पडतोय, पेपरने त्यांच्या बायकोबद्दल वाईट छापलंय, आणि मस्की बोलता बोलता अडखळले. बातम्या आल्या की रडले. ते म्हणाले की चेहऱ्यावर वितळलेला बर्फ होता. प्रायमरी त्यांनी जिंकली, ४६ विरुद्ध ३७, पण माणूस कच्चा आहे ही छाप बसली ती पुसली गेली नाही. त्याच पेपरने छापलेलं, मस्कींना फ्रेंच-कॅनेडियन लोकांविरुद्ध उभं करणारं पत्र खोटं होतं आणि निक्सनच्या लोकांच्या कारस्थानाशी त्याचा संबंध लागला हे नंतर बाहेर आलं. म्हणजे मतदाराच्या डोळ्यांना दिसलं ते कोणीतरी मुद्दाम घडवून आणलेलं होतं. आणि त्याच राज्यात, २००८ मध्ये, पोर्ट्समथच्या एका कॅफेत एका बाईने हिलरी क्लिंटनना विचारलं की तुम्ही हे सगळं कसं निभावता, हिलरींचे डोळे भरून आले, आणि दुसऱ्या दिवशी सगळे पोल्स चुकवून त्या ओबामांच्या पुढे गेल्या. डोळ्यातलं पाणी तेच, पण बघणारे बदलले होते, आणि मतदारांमध्ये त्या दिवशी बायकांनी हिलरींना मोठा हात दिला.

मला खटकतं ते वेगळंच. ही छाप सगळ्यांची सारखी मोजली जात नाही. आयोवा, न्यू हॅम्पशायरच्या मतदाराला उमेदवार चार चार वेळा भेटतो, आमच्याकडे प्रायमरी जूनमध्ये, तोपर्यंत बहुतेक वेळा बाकीचे केव्हाच घरी गेलेले असतात. २०२० मध्ये बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे, सगळे म्हणाले की संपलं, आणि मग साउथ कॅरोलायनातल्या कृष्णवर्णीय मतदारांनी, जे त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होते, सगळी शर्यत फिरवली. दोन गोऱ्या राज्यांना जे दिसलं नव्हतं ते त्यांना दिसलं. म्हणूनच २०२४ ला डेमोक्रॅट पक्षाने साउथ कॅरोलायनाला पहिला नंबर दिला. पण त्या वर्षी बायडन अध्यक्षच होते, त्यामुळे शर्यत नावालाच होती. मिशिगनमध्ये गाझाच्या युद्धावरच्या रागातून एक लाखावर लोकांनी 'कोणीच नाही' या पर्यायाला मत दिलं, शिवाय बायडनच्या वयाबद्दल लोक घरोघर बोलत होते, ते ऐकून घ्यायला पक्ष तयार नव्हता. जूनच्या डिबेटनंतर जुलैत बायडननी माघार घेतली आणि कमला हॅरिस यांना डेलिगेटांनी उमेदवार केलं, मतदाराला न विचारता. मी हॅरिस यांच्याबद्दल तक्रार करत नाही, वेळच तशी होती, पण १९६८ नंतर पहिल्यांदाच असं घडलं याचं वाईट वाटायला हवं.

न्यू जर्सीत तर आणखी एक गोष्ट होती. २१ पैकी १९ काउंट्यांमध्ये पक्षाच्या काउंटी संघटनेने ज्यांना पाठिंबा दिला त्यांची नावं मतपत्रिकेवर एका सरळ रांगेत, अध्यक्षपदापासून खाली गावच्या पदापर्यंत, आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात, रिकाम्या चौकटी सोडून. इथे याला 'लाइन' म्हणायचे. नवीन मतदाराला वाटायचं की रांगेतलेच खरे उमेदवार. मार्च २०२४ मध्ये सिनेटसाठी उभे असलेले खासदार अँडी किम यांच्या दाव्यात फेडरल कोर्टाने डेमोक्रॅट प्रायमरीपुरती ही रांग थांबवली, २०२५ मध्ये राज्याने कायदाच बदलला, आणि त्या जूनच्या गव्हर्नरच्या प्रायमरीत डेमोक्रॅट पक्षाच्या सहाही जणांची नावं त्या पदाखाली एकाच चौकटीत होती. अध्यक्षपदासाठी अशी मतपत्रिका न्यू जर्सीत दोन्ही पक्षांच्या मतदाराला पहिल्यांदा मिळेल ती २०२८ मध्ये.