राज्यशास्त्र घेतलं म्हणून वकिली हुकत नाही

बारावीनंतर लगेच लॉ घेतलं नाही तर वकील होता येत नाही, ही समजूत मुंबईत अजून घरोघरी ऐकू येते. ती साफ चुकीची आहे. कोणत्याही शाखेची पदवी घ्या, लॉची सीईटी (प्रवेश परीक्षा) द्या, तीन वर्षांचं एलएलबी करा. पदवी तीन वर्षांची असेल तर बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या लॉ कोर्सपेक्षा एक वर्ष जास्त जातं, एवढंच. उलट राज्यशास्त्राच्या मुलांनी संविधान आधीच घोटलेलं असतं: कलम 32 खाली सर्वोच्च न्यायालयात फक्त मूलभूत हक्कांसाठी जाता येतं, तर 226 खाली उच्च न्यायालयाला इतर कायदेशीर हक्कांसाठीही आदेश देता येतात. हा फरक रिट याचिकेत, म्हणजे न्यायालयाकडे असा आदेश मागणाऱ्या अर्जात, पावलोपावली लागतो. बाबासाहेबांची मुंबई विद्यापीठाची बी.ए.सुद्धा अर्थशास्त्र-राज्यशास्त्रातलीच, आणि 1935 मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.